बूट एका दिवसात, पाय सहा महिन्यांत

माजलगावातून गढीकडे, तेलगावकडे, पाथरीकडे जाणारे रस्ते पहाटे पाचला वाहनांचे नसतात, पोरांचे असतात. पोलीस भरती, अग्निवीर, वनरक्षक अशा परीक्षांची तयारी करणारी ही मुलं-मुली. कुणी मोबाईलच्या उजेडात लेस आवळत असतो, कुणी गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळत असतो, कुणी कडेच्या पांढऱ्या पट्टीवरून धावायला लागलेलाही असतो. उजाडलं, धाप खाली बसली की गप्पा बुटांवर येतात. कुणाचा बूट किती ग्रॅमचा, तळ किती जाड, कुठला फोम पाय वर उचलून देतो, ऑनलाइन कितीला पडतो. ज्याच्या घरी बियाणं उधारीवर येतं तोही सात-आठ हजारांचा जोड मनात धरून बसलेला असतो. त्या जोडाने सेकंद कमी होतील, सेकंद कमी झाले की गुण वाढतील, गुण वाढले की वर्दी मिळेल, असा तो साधा हिशोब.

हा हिशोब तपासून पाहायला हवा, कारण तो चुकला तर किंमत या पोरांनाच मोजावी लागते.

अमेरिकेत आणि युरोपात डोंगरात शिकारीला जाणाऱ्या हौशी लोकांत हाच वाद वेगळ्या रूपात चालतो. टायटॅनियमची भांडी, कार्बनची हलकी बंदूक, पिसासारखी झोपण्याची पिशवी यांवर माणसं लाखो रुपये घालवतात. त्यावर दुसरा पक्ष विचारतो, पाठीवरचे चारशे ग्रॅम उतरवायला एवढे पैसे मोजण्याऐवजी पोटावरचे चार किलो का उतरवत नाही? आपल्याकडे शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाली, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची उरलीसुरली वाटही मिटली, आणि ते योग्यच झालं. पण त्या वादाचं उत्तर मराठवाड्याच्या माळावर कुणी मांडायच्या आधीच जगून दाखवलं होतं. फासेपारध्यांनी.

फासेपारध्याचं सगळं साहित्य एका खांद्यावर मावायचं. जनावरांसाठी तातीचे फास, तितर-लाव्यांसाठी घोड्याच्या शेपटीच्या केसांचे बारीक फास, काही काठ्या. काळविटाच्या कळपाजवळ जायचं तर शिकवलेल्या गाय-बैलाच्या आडोशाने चालायचं. बाकी सारं अंगात मुरलेलं. वारा कुठून आहे हे कळणं, तासन् तास बसून राहणं, माग काढत दिवसभर चालणं आणि संध्याकाळी पालावर परतणं. त्यांचं साहित्य हलकं होतं, कारण जड काम शरीराने आणि डोक्याने आधीच उचललेलं असायचं. ज्या समाजाजवळ ही विद्या होती त्यातल्या अनेक गटांवर १८७१ च्या इंग्रजी कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कागदावरून ३१ ऑगस्ट १९५२ ला पुसला गेला, लोकांच्या नजरेतून अजून पुरता गेलेला नाही. शिकार गेली आणि तिच्या जागी दुसरा मानाचा रोजगार आला नाही. आज वनरक्षक व्हायला लागणारं अंग आणि नजर ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या होती, त्या घरांतल्या पोरांना भरतीच्या मैदानापर्यंत हात धरून आणणं हे सरकारचं काम होतं.

पारध्यांचा दाखला जुना वाटत असेल तर याच बीड जिल्ह्याचा ताजा दाखला आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. गावातून शाळा सहा किलोमीटरवर, गाडी नाही, मग चालत किंवा पळत जायचं. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीनचा बर्फ पाहिला, राजस्थानची वाळू पाहिली, सिक्कीममध्ये राहिला. धावपटू म्हणून तो उशिरा, २०१५ च्या सुमारास, सैन्यातल्या क्रॉसकंट्रीतून पुढे आला. पुढे दुखापत आणि वाढलेलं वजन यांनी त्याला मागे खेचलं. मग सैन्यातले प्रशिक्षक अमरीशकुमार यांच्या हाताखाली त्याने काही महिन्यांत जवळपास २० किलो वजन उतरवलं. त्यानंतर २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमधला गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. सदतीस वर्षं कुणाला न जमलेलं काम.

२० किलो. जगातला कुठलाही बूट एवढं वजन वाचवू शकत नाही. धावण्याच्या साध्या बुटांचा अख्खा जोडच पाचशे-सहाशे ग्रॅमचा असतो.

बुटाचं वजन महत्त्वाचं नाही असं मात्र कुणी म्हणू नये. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी काही वर्षांपूर्वी एक छान प्रयोग केला. धावपटूंना न सांगता त्यांच्या बुटांत शिशाचे छर्रे भरले आणि त्यांना ३००० मीटर पळवलं. प्रत्येक बुटात १०० ग्रॅम वाढले की शरीराला लागणारी ऊर्जा सुमारे एक टक्क्याने वाढली आणि वेळ सरासरी ०.७८ टक्क्यांनी. म्हणजे वजनाचा परिणाम खरा आहे आणि तो मोजता येतो. आता तो माजलगावच्या रस्त्यावर आणून बघू. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यातले २० गुण मुलांच्या १६०० मीटर धावण्याला, आणि पूर्ण गुणांसाठी हे अंतर ५ मिनिटं १० सेकंदांत कापायचं. समजा एखादा मुलगा आज ६ मिनिटं घेतो. त्याने प्रत्येक पायाला १०० ग्रॅमने हलका बूट घेतला, तर या हिशोबाने त्याचे तीनेक सेकंद वाचतील. कमी करायचे आहेत पन्नास. बाकीचे सत्तेचाळीस कोण देणार?

ते सत्तेचाळीस सेकंद फुप्फुसं देतात, पोटऱ्या देतात, झोप देते, पोटातलं अन्न देतं. आणि मुख्य म्हणजे महिने देतात. ४०० मीटरची एक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत, अशा लागोपाठ चार, हे शरीराला आठवड्याभरात शिकवता येत नाही. हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला लागतं, स्नायूंत केशवाहिन्या वाढतात, हाडं आणि स्नायुबंध दणके सोसायला शिकतात. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात सावकाश होते. म्हणून तर नव्या बुटाच्या जोरावर एकदम अंतर वाढवणारी पोरं नडगी धरून बसतात. दम आलेला असतो, हाड तयार झालेलं नसतं.

जाड फोम आणि आत कार्बनची पट्टी असलेल्या बुटांचीही हीच गोष्ट. २०१७ च्या अभ्यासात त्यांनी सरासरी चार टक्के ऊर्जा वाचवली, हे खरं. पुढे ॲथलेटिक्सच्या जागतिक संघटनेला २०२० मध्ये रस्त्यावरच्या शर्यतीतल्या बुटांचा तळ ४० मिलिमीटरपेक्षा जाड नसावा असा नियमच करावा लागला, एवढा तो फरक मोठा होता. पण त्या अभ्यासातले धावपटू मुळातच कसलेले होते, दहा किलोमीटर ३२ मिनिटांच्या आत पळणारे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत साबळेचं सुवर्ण सेकंदाच्या पाच शतांशांनी गेलं. ८ मिनिटं ११.२० सेकंद त्याला लागले, केनियाच्या अब्राहम किबिवोटला ११.१५. त्या पायरीवर एकेका ग्रॅमचा विचार करायलाच हवा. तिथे शरीरातून निघण्यासारखं बहुतेक सगळं आधीच काढून झालेलं असतं. स्टीपलचेसमध्ये तर सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी असते, भिजलेला बूट जड होतो, म्हणून पाणी धरून न ठेवणारा बूट लागतो. या गोष्टी शेवटी येतात. त्या सुरुवातीला विकत घेतल्या की पोराला वाटतं आपण काहीतरी केलं, आणि तेवढ्या समाधानावर दोन महिने निघून जातात.

इतिहासात या वादासाठी आपल्याकडे एक नेमका शब्द आहे, बुणगे. फौजेबरोबर चालणारा पण न लढणारा लवाजमा. मराठ्यांची फौज जिंकत आली ती घोड्यावर बसून, खोगिरात मावेल तेवढंच सोबत घेऊन. १७६१ च्या पानिपतावर ती बायका-मुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे आणि जड तोफा घेऊन अडकली. कुटुंबकबिला आणि जड सामान मागे ठेवून गनिमी काव्याने लढा, असा सल्ला मल्हारराव होळकर आणि सूरजमल जाट यांनी दिला होता, तो मानला गेला नाही. अडीच वर्षांनी, १० ऑगस्ट १७६३ रोजी, माजलगावच्या शेजारच्या गेवराई तालुक्यात राक्षसभुवनला वेगळं घडलं. त्या वर्षी निजामाने पुणं जाळलं आणि मराठ्यांची फौज त्याच्या मुलखात चौफेर हिंडत राहिली. शेवटी निजाम गोदावरी ओलांडून पलीकडे गेला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मागच्या फौजेसह अलीकडे राहिला, आणि माधवराव पेशव्यांच्या सैन्याने तीच वेळ साधली. विठ्ठल सुंदर मारला गेला. पानिपतानंतर मोडलेलं बळ परत उभं राहिलं ते आपल्या या गोदाकाठावर. हलकं असणं हे त्या फौजेचं मोठं शस्त्र होतं, पण ते त्यांनाच पेललं ज्यांची माणसं आणि घोडी दिवसाला लांबची मजल मारू शकत होती.

आता दुसरी बाजूही तेवढ्याच जोराने मांडायला हवी. "शरीर कमवा" हा उपदेश गरिबाला करणं सोपं असतं, आणि तो करणारे बरेचदा स्वतः चांगले बूट घालून करतात. गिर्यारोहकांत जुना हिशोब आहे, पायातलं एक किलो म्हणजे पाठीवरचे पाच. सैन्यांसाठी झालेल्या प्रयोगांनीही हे प्रमाण साधारण चार ते सहा पट असल्याचं दाखवलं. कारण उघड आहे. पाठीवरचं ओझं एका चालीत फारसं वरखाली होत नाही, पायातलं मात्र दर पावलाला उचलून, पुढे फेकून, पुन्हा थांबवावं लागतं. म्हणून ज्याचं कामच चालणं आहे त्याच्या पायात जड, कडक, टाच सोलणारा बूट घालणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

वनरक्षकांचंच बघा. भरतीत पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर चालून दाखवावं लागतं, स्त्रियांना तेवढ्याच वेळात १६. ही चाचणी योग्य आहे, कारण पुढची तीस वर्षं बीट पायीच फिरायची असते. व्याघ्रगणनेत सलग तीन दिवस रोज किमान पाच किलोमीटर पायवाटेने वाघ-बिबट्यांच्या खुणा शोधायच्या असतात. अशाच कामावर असताना २० नोव्हेंबर २०२१ ला ताडोबात वनरक्षक स्वाती ढुमणे यांच्यावर वाघिणीने हल्ला केला आणि त्यांचा जीव गेला. चोरट्या शिकाऱ्याच्या मागावर जाणारी माणसं हीच. शरीर तंदुरुस्त असल्याचा पुरावा शासन त्यांच्याकडून पहिल्याच दिवशी मागतं. मग हलका आणि टिकाऊ बूट, अंगाला न चिकटणारा गणवेश, पाणी वाहण्याची नीट सोय या गोष्टी मागण्याचा हक्क त्यांनाही आहे. बीडचा उन्हाळा ज्याने पाहिलाय त्याला यावर जास्त सांगायला नको.

माजलगावच्या पोराच्या बाबतीतही एक किमान रेषा आहे. फाटक्या कॅनव्हासच्या बुटात डांबरावर रोज पळणं म्हणजे कणखरपणा नव्हे, ती दुखापतीला दिलेली हाक आहे. बुटाचा तळ उलटा करून पाहिला की कळतं. टाचेची बाहेरची कडा झिजून तिरकी झालेली असते, मधली रबराची नक्षी गुळगुळीत झालेली असते, अंगठ्याखाली बोट दाबलं तर आतला थर परत फुगत नाही. असा बूट बदलायलाच हवा. पण त्यासाठी दोन-अडीच हजारांचा मजबूत, पायाच्या मापाचा जोड पुरतो. त्यावरचे पाच हजार अंडी, शेंगदाणे, दूध आणि एखाद्या चांगल्या शिक्षकाच्या फीवर जास्त कामाला येतात. यात पहिला हात नेहमी जेवणाला. ज्वारीची भाकरी आणि ठेचा यांवर पोट भरतं, पण रोज सकाळी फाटणारे स्नायू भरून यायला डाळ, अंडी, दूधही ताटात पडावं लागतं.

शरीराला वेळ न देता पळवलं की काय होतं, हेही महाराष्ट्राने पाहिलंय. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीत उन्हात पाच किलोमीटर धावताना उमेदवार कोसळले, काहींचा जीव गेला. त्यानंतर अंतर कमी करण्यात आलं. २०२४ मध्ये झारखंडात उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत दहा किलोमीटरच्या धावेने दहाहून अधिक तरुणांचा बळी घेतला. त्यांना कुठल्या बुटाने वाचवलं असतं? भरतीची तारीख उशिरा कळणं, मग घाईघाईने तयारी, रात्रीचा प्रवास, फलाटावरची झोप, उपाशीपोटी मैदान आणि वर उन्हाचा तडाखा, या सगळ्याचा भार शेवटी एका हृदयावर पडतो. तारखा पुरेशा आधी जाहीर करणं, धावणं सकाळी आटोपणं, मैदानावर पाणी आणि डॉक्टर ठेवणं यांना मोठा खर्च येत नाही. तो खर्च टाळला की आई-बाप मुलगा गमावतात.

बीडच्या पोरांची खरी अडचण यापुढे सुरू होते. शरीर घडायला सलग पाच-सहा महिने लागतात आणि या जिल्ह्यातल्या हजारो घरांना सलग सहा महिने एका जागी मिळतच नाहीत. माजलगाव धरणाच्या आणि जायकवाडीच्या कालव्याच्या पाण्याखालच्या रानात ऊस उभा असतो, आणि शेजारच्या धारूर-वडवणीच्या बालाघाट डोंगरातली माणसं दसरा झाला की कोयता घेऊन दुसऱ्या मुलखातला ऊस तोडायला निघतात. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांवर संसार चढतो. भांडी, गोधड्या, शेळी, कोंबड्या, लेकरं. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, आणि कधी अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराच्या नावावरही उचल घेतलेली असते. मग पावसाळ्यात ज्याने १६०० मीटरची वेळ सहा मिनिटांवर आणली, तो नोव्हेंबरात फडात उभा राहतो. पहाटे थंडीत तोड, दिवसभर डोक्यावर उसाच्या मोळ्या, फळीवरून ट्रकवर चढणं, रात्री कोपीत झोप. काम कसदार असतं, घाम निघतो, पण त्याने धावण्याची लय येत नाही. कंबर आणि मान झिजतात. मार्च-एप्रिलमध्ये तो परततो तेव्हा तयारी पहिल्यापासून करावी लागते, आणि तोवर भरती होऊन गेलेली असू शकते.

अशा पोराला कुणी "चांगला बूट घे" म्हणतो, कुणी "मेहनत कर" म्हणतो. त्याच्या बापाने आयुष्यभर मेहनतच केलेली असते. त्याला हवं असतं ते दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत गावात राहणं.

हे जमण्यासारखं आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, प्रत्येक तालुक्यात एक मुलांचं, एक मुलींचं. मुलांनी आई-बापामागे फडावर न जाता शाळेत राहावं हा हेतू चांगला आहे. त्याच छपराखाली अठरा वर्षांच्या वरच्या, भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी हंगामापुरत्या थोड्या जागा ठेवल्या, ताटात रोज दोन अंडी वाढली, आणि सैन्यातून किंवा पोलिसांतून निवृत्त झालेला तालुक्यातलाच एखादा माणूस मानधनावर सकाळ-संध्याकाळ मैदानावर उभा केला, तर एका महागड्या बुटाच्या जोडापेक्षा कितीतरी जास्त सेकंद कमी होतील. साखर कारखाने, बाजार समित्या, पतसंस्था दरवर्षी सत्कार-समारंभांवर खर्च करतात. त्यांनी एका हंगामाचा हा खर्च उचलायला काय हरकत आहे?

आणि मैदान. रस्त्यावर पळणाऱ्या या पोरांना आपण नेमकं किती पळालो हेच धड कळत नाही. कुणी किलोमीटरच्या दगडावरून अंदाज घेतो, कुणाचा मोबाईल १६०० ला १५४० दाखवतो. मागून येणाऱ्या उसाच्या ट्रकचा हॉर्न वाजला की कानातले इअरफोन काढून सगळे खडीच्या कडेला उतरतात, घोटा मुरगळतो तो तिथेच. शाळेचं, बाजारतळाजवळचं, कुठलंही सपाट पटांगण घ्यावं, खडे वेचावेत, पाणी मारावं, रोलर फिरवावा आणि चुन्याने ४०० मीटरचा एक नीट गोल आखावा. चार फेऱ्या झाल्या की बरोबर १६०० मीटर होतात.